चौथा हात

डब्याचं झाकण अर्धवट लागलेलं दिसलं की त्या माणसाच्या डोक्यात तिडीक जायची. स्वयंपाकघरातून जाता-येता तो प्रत्येक बरणीला एक जादा पिळा द्यायचा, आणि मग साखर काढायची तर बायकोला शेजारणीला हाक मारावी लागायची, कारण शेजारणीच्या मनगटात जोर होता. "एक दिवस या घरात सगळं असेल आणि काहीच उघडणार नाही," असं बायको सव्वीस वर्षं सांगत आली होती. नळ, खिडकीची कडी, पेनाचं टोपण, कशालाच तो सोडत नसे. आणि अशा माणसाच्या हातून एक चाक सैल सुटावं, तेही भर शर्यतीत, याला दैव म्हणायचं की आणखी काही, हे ज्याचं त्याने ठरवावं. तो स्वतः दैव म्हणायला तयार नव्हता. त्याचीच तर सगळी पंचाईत झाली.

सोमवार ते शुक्रवार तो बसच्या डेपोत टायर विभागाचा मुकादम. शनिवार-रविवार मोटारींच्या शर्यतीत एका लहानशा संघाचा पाटीवाला. शर्यत लांब पल्ल्याची असली की गाडी मध्ये दोन-तीनदा चाकं बदलायला आपल्या गाळ्यासमोर येऊन थांबते, त्या थांब्याला सगळे पिट म्हणतात. तिथे गाडीच्या नाकासमोर लांब दांड्याची लाल गोल पाटी आडवी धरून एक माणूस उभा असतो. पाटी खाली आहे तोवर गाडी जागेवर. पाटी वर गेली की गाडी सुटली. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, त्याला दिसते ती फक्त पाटी. चार चाकांवर चार माणसं, प्रत्येकाच्या हातात चाकाच्या मधला एकच मोठा नट सोडायची-आवळायची, हवेवर चालणारी गन. ज्याचं चाक पक्कं झालं त्याने हात वर करायचा. चार हात दिसले की पाटी उचलायची. काम म्हटलं तर एवढंच. चारपर्यंत मोजता आलं म्हणजे झालं. तो हे एकवीस वर्षं करत होता आणि संघातले सगळे त्याला काका म्हणत, मालकसुद्धा, जो त्याच्याहून फक्त दोन वर्षांनी लहान होता.

मालकाला घड्याळाचं वेड. गाळ्याच्या मागच्या भिंतीवर त्याने एक फळा लावला होता आणि त्यावर सरावातला सगळ्यात कमी वेळ खडूने लिहिलेला असायचा. आधी तेरा सेकंद, मग अकरा, मग नऊ पूर्णांक आठ. सराव दर शनिवारी सकाळी. मालक बाजूला घड्याळ घेऊन उभा राहायचा. गाडी थांबली की खटका दाबायचा आणि चौथा हात वर गेला की पुन्हा दाबायचा.

आता यात मेख कुठे आहे ते आंधळ्यालाही दिसावं. घड्याळ हात बघत होतं, नट नाही. माणसं काही मूर्ख नसतात, ज्याची वाहवा होते ते करतात. हळूहळू गन अजून घुरघुरत असतानाच हात वर जायला लागले. पाटीवाल्याला ते दिसत होतं. तो मालकाला तीनदा बोलला. पहिल्यांदा मालक म्हणाला, "काका, आजवर एक तरी नट सुटलाय का?" दुसऱ्यांदा म्हणाला, "बघू." तिसऱ्यांदा त्याने नुसतं फळ्याकडे बोट दाखवलं.

बरं, पाटीवाला तरी कुठल्या वेगळ्या मातीचा? तिसरा हात वर गेला की चौथा येतोच, अर्ध्या श्वासात येतो, हे शेकडो वेळा पाहून झाल्यावर त्याचं मनगटही तिसऱ्या हातालाच उचल खायला लागलं. पाटी जड. ती वर जाईपर्यंत चौथा हात आलेला असायचाच. कोणी काही म्हटलं नाही, कारण कोणाच्या लक्षातच आलं नाही. त्याच्या स्वतःच्या लक्षात आलं होतं की नव्हतं, हे त्याला विचारायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणारी माणसं अशीच असतात.

त्या रविवारी दुपारी गाडी दुसऱ्यांदा आत आली. पुढची दोन्ही चाकं झाली, दोन हात वर. मागचं डावं झालं, तिसरा हात वर. मागच्या उजव्या चाकावर काटकी होती. काटकी म्हणजे संघातली एकुलती एक बाई, वय अठ्ठावीस, अंगावर मांस नाही, आणि ती जड गन चमच्यासारखी फिरवणारी. तिचा नट आट्यांवर तिरका बसला. पुन्हा नीट लावायला तिने गन मागे घेतली, तेवढ्यात पाटी वर गेली. गाडी उचलून धरलेला जॅक खाली बसला, गाडी सुटली, आणि वीस पावलांवर मागचं उजवं चाक गाडीची संगत सोडून आपल्या वाटेने निघालं. त्या वाटेत पाटीवाल्याचा मेहुणा आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा होता. चाकाने त्याला भिंतीशी दाबलं. डावी नडगी दोन ठिकाणी मोडली.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला हौसेने संघात आणणारा पाटीवालाच.

खरा वैताग पुढे सुरू झाला. हॉस्पिटलच्या बाकांवर सगळा संघ ओळीने बसला होता आणि जो तो चूक आपल्याकडे ओढत होता, जणू ती प्रसादासारखी वाटली जात होती.

"मी आरशात बघायला हवं होतं," ड्रायव्हर म्हणाला.

"आरशात काय दिसणार होतं तुला? नट?" पाटीवाला म्हणाला.

"मी जॅक जरा दाबून धरला असता तर..." जॅकवाल्याने सुरुवात केली.

"माझं चाक, माझी चूक," काटकी भिंतीला टेकून उभी होती. "विषय संपला."

आत प्लास्टर चाललं होतं. तिथून मेहुण्याचा आवाज आला, "मी जमिनीवर आखलेल्या पट्टीच्या पुढे उभा होतो रे. कोणी मनाला लावून घेऊ नका."

पाटीवाल्याची बायको हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "एवढे गुन्हेगार आणि पाय एकाचाच मोडला. तोही वाटून घ्यायचा होतात."

तेव्हा पाटीवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "हात तीनच वर होते. मी तिसऱ्या हातावर पाटी उचलली."

मालकाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, डोळे थोडे ओले केले आणि म्हणाला, "काका, तुमचं मन मोठं आहे."

पाटीवाल्याला कळेना, यात मनाचा संबंध आला कुठे. त्याने तीन हा नुसता आकडा सांगावा तसं सांगितलं होतं. पण ड्रायव्हरनेही मान डोलावली, जॅकवाल्याने नाक ओढलं, आणि काटकीने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही त्याने तिची पर्स उचलली होती.

शर्यतींच्या मंडळाचा एक फॉर्म असतो. अपघाताची वेळ, जागा, जखमीचं नाव, आणि शेवटी "जबाबदार व्यक्ती" अशी एकच ओळ. ती इतकी आखूड की लांबलचक आडनावाच्या माणसावर दोष ठेवायचाच झाला तर अक्षर बारीक काढावं लागेल. बुधवारी डेपो सुटल्यावर पाटीवाला मालकाच्या ऑफिसात गेला, तर त्या ओळीत काटकीचं नाव लिहून तयार होतं.

"हे खोडा," तो म्हणाला.

"बसा काका. पाणी घ्या."

"पाणी नको. खोडा."

मालकाने दार लोटलं. "हे बघा, गनवाल्याची चूक असली तर ती त्या माणसापुरती असते. एका हंगामापुरता परवाना जातो, संघ मोकळा. पाटी मात्र संघाची. पाटीची चूक लिहिली की संघ पुढच्या शर्यतीतून बाद. ती स्वतःच कबूल करतेय ना? मग तुम्ही कशाला मध्ये पडताय?"

"मी मध्ये पडत नाहीये. मी मध्येच होतो. गाडीच्या बरोबर समोर."

"भावनेच्या भरात आहात तुम्ही. मेहुण्याचा पाय मोडला, होतं असं."

पाटीवाल्याने टेबलावरच्या शाईच्या दौतीचं टोपण घट्ट केलं आणि बाहेर पडला. दोन महिन्यांनी काटकीची एका मोठ्या संघात चाचणी होती, हे त्याला ठाऊक होतं. चार वर्षं ती त्या बोलावण्याची वाट बघत होती. हातातला परवाना रद्द झालेल्या बाईला तिथे दारात कोण उभं करणार?

म्हणून गुरुवारी तो तिला भेटायला गेला. काटकी एरवी लिफ्ट दुरुस्त करायची. ज्या इमारतीत तिचं काम चाललं होतं तिथली लिफ्ट अर्थातच बंद होती, आणि ती सातव्या मजल्यावरच्या मशीनच्या खोलीत होती. तो पोहोचला तेव्हा तिने गुडघ्यावर ठेवलेला पाना बाजूला करून त्याला एक उलटी बादली दिली बसायला.

"एकच विचारायला आलोय," श्वास परत आल्यावर तो म्हणाला. "तू हात वर केला होतास का?"

"केला असणार."

"असणार म्हणजे काय?"

"म्हणजे नेहमी करते, तेव्हा त्या दिवशीही केलाच असणार."

"आठवतंय?"

"नट तिरका गेला ते आठवतं. त्यानंतर चाक जाताना दिसलं ते आठवतं. मधलं नाही आठवत. पण पाटी वर गेली म्हणजे माझा हात वर असणारच ना?"

"तिथेच तर चुकतेस. तुझा हात नव्हता. त्या कोपऱ्यात मला मोकळी जागा दिसली होती, आणि तरी मी उचलली."

"काका, पुरे. मला सांभाळून घेऊ नका. उद्या मोठ्या संघात गेले तर लोक म्हणायला नकोत, की हिच्या चुका म्हातारे पदरात घेतात."

"म्हातारा कोणाला म्हणतेस?"

"धापा कोण टाकतंय मग?"

सात मजले उतरताना तो स्वतःशी इतका बडबडत होता की चौथ्या मजल्यावर एका बाईने दार उघडून पाहिलं. आयुष्यात एकदा माणूस स्वतःची चूक कबूल करायला निघतो आणि जग त्याला हार घालतं, म्हणजे काय? खोटं बोलला असता तर सगळ्यांनी मुकाट्याने खरं मानलं असतं.

घरी मेहुणा हॉलमधल्या कोचावर पाय उशीवर ठेवून पसरला होता. "भावोजी, पेपरात आपलं आलंय. मला 'एक कर्मचारी' म्हटलंय."

"तुला आणखी काय म्हणायचं होतं त्यांनी? सेनापती?"

बायको तलावावरून नुकतीच आली होती. ती पोहण्याच्या तलावाची व्यवस्थापक. तिथे पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येकाला नंबराची टोपी देतात, आणि शेवटची टोपी हातात आल्याशिवाय ती फाटकाला कुलूप लावत नाही; मग बाहेर कोणी कितीही बोंबलो. तिने त्याचं सगळं ऐकून घेतलं. मालक, फॉर्म, सात मजले.

"आणि म्हणे माझं मन मोठं आहे," तो म्हणाला. "तुला तरी पटतंय का मी खरं बोलतोय ते?"

"मला न पटायला काय झालं? कोणासाठी खोटं रचायचं म्हणजे डोकं लागतं. तुमच्याच्याने ते व्हायचं नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं.

"पण एक सांगा," ती म्हणाली. "मी कधी एकोणचाळीस टोप्या मोजून चाळिसावी येतच असेल म्हणून कुलूप लावलंय? मग तुम्हाला ही बुद्धी सुचली कुठून?"

"घड्याळामुळे. सगळ्यांनाच घाई..."

"घड्याळाला हात आहेत का पाटी उचलायला?"

कोचावरून मेहुणा म्हणाला, "ताई, जाऊ दे ना."

"तू गप्प बस. तुझा पाय आहे म्हणून तुला बोलायचा हक्क आहे असं समजू नकोस." मग नवऱ्याकडे वळून ती म्हणाली, "तुम्ही जा त्या मंडळासमोर आणि लेखी द्या. सहीनिशी. बोललेलं लोक आपल्याला हवं तसं ऐकतात."

सोमवारी चौकशी. लांबट खोली, पंखा कुरकुरणारा, टेबलामागे तिघं: अध्यक्ष म्हणून एक निवृत्त ड्रायव्हर, एक डॉक्टरीणबाई, आणि लिहून घेणारा कारकून. समोरच्या खुर्च्यांवर मालक आणि काटकी. पाटीवाल्याने आपला कागद टेबलावर ठेवला. अध्यक्षांनी तो वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "चित्रीकरण पाहूया."

गाळ्याच्या दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र सुरू झालं. गाडी आली, माणसं वाकली, एक हात, दोन हात, तीन हात. मागचा उजवा कोपरा नेमका दिसत नव्हता. मध्ये पाटी होती.

"पाटीनेच झाकलाय कोपरा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुमच्या म्हणण्याला पुरावा नाही," अध्यक्ष म्हणाले. "या मुलीला वाचवावंसं तुम्हाला वाटतं, ते आम्ही समजू शकतो."

"मला कोणाला वाचवायचं नाही हो," पाटीवाल्याचा आवाज चढला. "मला तर ती उद्धट वाटते. विचारा तिलाच. पण हात नव्हता तो नव्हता."

काटकी ताठ बसून समोर बघत होती.

"तीन हातांवर उचललीत कशाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

त्याने फळ्याचं सांगितलं, घड्याळ चौथ्या हाताला थांबतं ते सांगितलं, हात कसे दर हंगामात थोडे थोडे लवकर वर जायला लागले ते सांगितलं. "मी यांना तीनदा बोललो. पण बोलता बोलता मीही तेच करायला लागलो. ते मात्र मी कोणाला बोललो नाही."

मालक खुर्चीत हलला. कारकुनाने पेन थांबवून विचारलं, "हे कुठे लिहू? घड्याळासाठी रकाना नाही."

"नसेल तर राहू द्या," अध्यक्ष म्हणाले.

तासाभराने निकाल आला. सहीनिशी दिलेल्या कबुलीपुढे मंडळाचा नाइलाज होता. पाटीवाल्याचा परवाना हंगामापुरता रद्द. संघ पुढच्या शर्यतीतून बाद. काटकीवर काही नाही. आणि शेवटी कारकुनाच्या वळणदार अक्षरात एक वाक्य: "संबंधितांच्या औदार्याची मंडळ नोंद घेत आहे." पाटीवाल्याने ते दोनदा वाचलं आणि कागद खिशात कोंबला, नाहीतर तो तिथेच फाडला गेला असता.

बाहेर जिन्यात काटकीने त्याला गाठलं. "झालं समाधान? आता सगळीकडे हेच, की काकांनी वाचवली."

"तुझी चाचणी तर वाचली."

"अशी वाचलेली मला नको होती. मला विचारलं होतंत?"

"खरं बोलायला तुझी परवानगी काढायची होय?"

ती दोन-दोन पायऱ्या टाकत उतरून गेली. मालकाने तर त्याच्याशी बोलणंच सोडलं होतं. एकवीस वर्षांची पाटी गेली, ज्यांचं भलं झालं ते रुसले, ज्यांचं वाईट झालं तेही रुसले, आणि फळ्यावरचं नऊ पूर्णांक आठ जागच्या जागी होतं.

पुढच्या शनिवारी सराव होता. शर्यत नसली तरी मालक सराव चुकवायचा नाही. मेहुण्याला जायचंच होतं. कुबड्या घेऊन का होईना, गाळ्यात बसायचं होतं. त्याला सोडायला म्हणून पाटीवाला गेला आणि मागे भिंतीशी एका जुन्या टायरवर बसला. पाटीचा परवाना संघात आणखी एकाकडेच होता, मालकाकडे. त्यामुळे पाटी मालकाने घेतली, आणि हात मोकळे नसल्याने घड्याळ मेहुण्याकडे दिलं.

"गाडी थांबली की दाब, चौथा हात आला की दाब," मालकाने बजावलं.

"दोनच तर कामं," मेहुणा म्हणाला. "पाय लागत नाही त्याला."

सरावात इंजिन बंद असतं. गाडी ढकलत आणून थांबवली. मेहुण्याने खटका दाबला. गना घुरघुरल्या. पुढचं डावं, हात. पुढचं उजवं, हात. मागचं डावं, हात. मालकाने पाटी उचलली. धप्पकन जॅक खाली आला.

आणि सगळ्यांच्या माना मागे वळल्या. कारण मागच्या उजव्या चाकापाशी काटकी उकिडवी बसली होती. गन जमिनीवर ठेवलेली, नट पक्का आवळलेला, आणि उजवा हात गुडघ्यावर. ती मालकाकडे बघत होती.

"हात कुठे आहे तुझा?" मालक म्हणाला.

"इथे आहे. गुडघ्यावर."

"वर का नाही केलास?"

"मला बघायचं होतं. तुम्ही पाटी कशावर उचललीत?"

मालकाने मान वर करून आपल्याच हातातल्या पाटीकडे पाहिलं. खाली घ्यावी की तशीच ठेवावी हे त्याला उमगत नव्हतं. ड्रायव्हर गाडीतून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मी तर निघालो असतो."

काटकी उठली, गुडघे झटकले आणि भिंतीशी बसलेल्या माणसाकडे वळली. "मला वाटलं होतं, दया करताय."

"मी ओरडून ओरडून सांगत होतो, नाही म्हणून."

"ओरडता तर तुम्ही झाकणांवरूनही, असं काकूच सांगतात." मग जरा थांबून ती म्हणाली, "त्या फॉर्मात आता कोणाचं नाव लिहायचं, मालक?"

मालकाने अजून वरच असलेल्या पाटीच्या दांड्याला दुसरा हात लावला. ती पाटी किती जड असते हे पाटीवाल्याला माहीत होतं.

"लिहू नका काही," तो टायरवरून म्हणाला. "म्हणा, मालकांचं मन मोठं आहे."

जॅकवाला फस्सकन हसला आणि लगेच खोकला. मेहुण्याने घड्याळ कानाशी नेलं, मग डोळ्यांसमोर धरलं.

"मालक," तो म्हणाला, "एक मिनिट दहा सेकंद झाले. चौथा हात आलेला नाही, घड्याळ चालूच आहे. फळ्यावर काय लिहू?"